डिक्कीतला अँप आणि दीड लिटर पाणी

अँप, म्हणजे गाडीतल्या स्पीकरना ताकद देणारा अँप्लिफायर, बंद पडला तेव्हा आम्ही समृद्धीवर होतो, मेहकरच्या थोडं पुढे, मे महिना, दुपारचे अडीच. बंद पडला म्हणजे काय तर स्टिरिओ चालू, गाणं पुढे सरकतंय, पण स्पीकर एकदम मुके. पुढच्या थांब्यावर गाडी घेतली, डिक्की उघडली तर भट्टीचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली, अँपवरचा हिरवा दिवा लाल झालेला, हात लावला आणि लगेच मागे घेतला. वीस मिनिटं डिक्की उघडी ठेवून उन्हात उभे राहिलो, दिवा हिरवा झाला, निघालो, आणि पाऊण तासात परत तेच.

हा अँप दादाचा. चार चॅनल, प्रत्येकी ७५ वॉट, एबी क्लास म्हणजे जुन्या पद्धतीचा आणि जास्त तापणारा, जुन्या काळचा जाडजूड अ‍ॅल्युमिनियमचा, वजन नऊ किलोच्या आसपास. दादाने पुण्यात गाडी बदलली तेव्हा तो माझ्याकडे आला आणि माझ्या डिझायरच्या डिक्कीत बसला. बऱ्याच जणांनी सांगितलं की सोड हे लोखंड, डी क्लास घे, छोटासा येतो, गरमही होत नाही. खरंय ते. डी क्लास ट्रान्झिस्टर नुसते चालू-बंद करतो, त्याची एफिशियन्सी ८० ते ९० टक्के असते, म्हणजे ओढलेल्या पॉवरमधली तेवढी स्पीकरला पोचते, म्हणून माझ्या सबवूफरला मी डी क्लासच लावलाय आणि त्याला पाणीबिणी काही लागत नाही. चांगले डी क्लास अँप पुढच्या स्पीकरलाही उत्तम वाजतात, त्यावर वाद घालायचा नाहीये. पण या अँपवर तबल्याची चाट आणि डग्ग्याचा घुमार ज्या पद्धतीने येतो त्याची माझ्या कानाला सवय झालीये, आणि तो दादाचा आहे, मला तो वाजता ठेवायचा होता. एवढंच कारण, आणि मला ते पुरेसं वाटतं.

आता गरम का होतो ते आधी सांगतो कारण हे नीट कळल्याशिवाय पाण्याचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. एबी क्लास अँप बॅटरीकडून जेवढी पॉवर ओढतो त्यातली बरीच उष्णता म्हणून ट्रान्झिस्टरमध्येच जिरते. आणि इथे एक गोष्ट लोकांना उलटी वाटते, ती म्हणजे अँप फुल आवाजाला सगळ्यात जास्त तापत नाही, पूर्ण ताकदीच्या साधारण ४० टक्क्यांवर चालतो तेव्हा आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला करंट सोडणारे, सगळ्यात जास्त उष्णता टाकतात. कारण फुल आवाजाला ट्रान्झिस्टर जवळजवळ पूर्ण उघडतो, त्याच्या अंगावर व्होल्टेज कमी उरतं. मधल्या आवाजाला मात्र अर्धा उघडा अर्धा बंद अशा अवस्थेत त्याच्या अंगावर व्होल्टेजही आणि त्यातून करंटही, दोन्हींचा गुणाकार सगळा उष्णतेत. आणि आपण हायवेवर जोरात गाणी ऐकतो ती साधारण याच पट्ट्याच्या खालच्या भागात ऐकतो. मी क्लॅम्प मीटर लावून बघितलं तर माझ्या नेहमीच्या आवाजाला सरासरी १४ अँपिअर ओढत होता, गाडी चालू असताना व्होल्टेज १४ धरा, म्हणजे १९५ वॉट आत जातायत. त्यातले स्पीकरला पन्नास-पंचावन्न गेले असं धरलं तर उरलेले १४० वॉट कुठे, तर डिक्कीत. सेडानच्या डिक्कीला ना एसी ना खिडकी, वरून पत्र्यावर ऊन, खाली सायलेन्सर. पंखे लावून बघितले होते, पण पंखा तीच गरम हवा अँपवर फिरवतो, दुसरं काय करणार बिचारा.

आमच्या अकोल्याच्या उन्हाबद्दल बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगतो, २०२४ च्या मे अखेरीस उन्हामुळे जिल्ह्यात कलम १४४ लावलं होतं, ४५ च्या वर पारा. अशा दिवशी माझ्या डिक्कीत थर्मामीटर ५४ दाखवत होतं आणि अँपचं हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी त्याची धातूची बॉडी, ८२ ला पोचलं की कटऑफ. हे थर्मल प्रोटेक्शन आहे म्हणून अँप वाचतो, पण रोज ८२ पर्यंत जाणं हेही बरं नाही, कारण आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांचा साधा हिशेब असा की तापमान १० डिग्रीने उतरलं की आयुष्य अंदाजे दुप्पट. म्हणजे आतली हवा २० डिग्रीने थंड ठेवली तर चौपट. माझ्यासाठी हेच मोठं कारण ठरलं, कटऑफ तर नंतरचा प्रश्न.

पाणीच का, तर एक लिटर पाणी एक डिग्री तापताना जेवढी उष्णता घेतं ती एक लिटर हवेच्या जवळजवळ साडेतीन हजार पट असते. माझे १४० वॉट न्यायला मिनिटाला एक लिटर पाणी फिरलं तरी पुरतं, आत जाताना आणि बाहेर येताना फरक फक्त दोन डिग्रीचा. म्हणजे फार मोठा पंप, जाड पाइप असलं काही लागत नाही. हे गणित मी वहीत तीनदा केलं कारण विश्वास बसत नव्हता.

पहिली चूक मी सरळ सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. मला वाटलं अँपच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमचा पाण्याचा ब्लॉक चिकटवू, वर थर्मल पेस्ट, झालं काम. दोन दिवस घातले, चालू केलं, पाणी गारच्या गार आणि अँप तसाच तापतोय. मग अँप उघडला, जे आधी करायला हवं होतं. तळ म्हणजे नुसतं पत्र्याचं झाकण. ट्रान्झिस्टर सगळे बाजूच्या दोन भिंतींना आतून पट्टीने दाबून बसवलेले, एका बाजूला आउटपुटचे आणि दुसऱ्या बाजूला पॉवर सप्लायचे मॉस्फेट, म्हणजे तेही एक प्रकारचे ट्रान्झिस्टरच, तेही तापतात. तर उष्णता जिथून भिंतीत शिरते तिथेच, भिंतीच्या बाहेरच्या बाजूला पाणी यायला पाहिजे. तुमचा अँप कुठलाही असो, आधी उघडा आणि ट्रान्झिस्टर कुठे टेकलेत ते बघा. आणि उघडलाच तर ट्रान्झिस्टरच्या पाठीमागचा अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पातळ कागद काढू नका, ट्रान्झिस्टरच्या पाठीला व्होल्टेज असतं, तो कागद म्हणजे इन्सुलेशन आहे.

मग एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपला गेलो. बाहेरच्या फिन्स, म्हणजे उष्णता टाकणारे पातळ पंख, मिलिंग करून दोन्ही बाजू सपाट करायच्या आणि तिथे ३०० मिलिमीटर लांबीचे अ‍ॅल्युमिनियमचे दोन बार बोल्टने बसवायचे, बारच्या आतून लांबीत दोन भोकं, एका टोकाला आडवं भोक पाडून ती जोडायची आणि बाहेरून बूच, म्हणजे पाणी एका भोकातून जाईल आणि दुसऱ्यातून परत येईल. ड्रॉइंग बघून तिथले काका म्हणाले, "भाऊ, एवढं लांब भोक एका दमात जमत नाही, ड्रिल वाकडं जाते. दोन्हीकून मारा लागन." तसंच केलं, १५० इकडून आणि १५० तिकडून, मध्ये भेटले तेव्हा केसभर सरकलेले, आतमध्ये एक बारीकशी पायरी राहिली. मी नाराज होतो, काका म्हणाले पाण्याला पायरी चालते, आणि खरंच त्याने काही फरक पडला नाही. टोकांना पाव इंची आटे पाडले, न्यूमॅटिकच्या दुकानातून होज निप्पल आणले, आट्यांवर टेफ्लॉन टेप.

खरा वेळ गेला तो बार आणि भिंत एकमेकांना टेकवण्यात. मिलिंग झालं म्हणजे सपाट झालं असं नसतं. स्टीलची पट्टी उभी धरून मागून टॉर्चचा उजेड टाकला की मध्ये पिवळी रेघ दिसायची, म्हणजे तेवढी फट, आणि फटीत हवा, हवा उष्णता फार अडवते. मग जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून त्यावर बार घासायचा, आठच्या आकारात, थोडं पाणी टाकून, दर पन्नास वेळा घासलं की परत उजेड बघायचा. दोन संध्याकाळी गेल्या. रेघ नाहीशी झाली तेव्हा थर्मल पेस्ट लावली, तीही इतकी पातळ की खालचं अ‍ॅल्युमिनियम दिसावं. लोक पेस्ट लोण्यासारखी थापतात, पेस्ट फक्त जिथे हवा राहिली असेल ती भरायला असते, धातूची सर तिला येत नाही.

आता पाणी कुठलं. आम्ही खारपाणपट्ट्यातले लोक, पूर्णेच्या काठच्या गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, तर असलं पाणी अ‍ॅल्युमिनियमच्या आठ मिलिमीटरच्या भोकात फिरवलं तर एका वर्षात काय होईल ते सांगायला नको. बॅटरीचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं, बॅटरीवाल्याकडे कॅन मिळतो. आणि नुसतं तेही नाही, त्यात गाडीचा चांगला कूलंट पाव हिस्सा. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही म्हणून लोक म्हणतात कूलंट कशाला, तर तो गंज थांबवायला. जास्तही घालू नका, कूलंट वाढला की पाण्याची उष्णता वाहून न्यायची ताकद कमी होते. दुसरं म्हणजे ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर रेडिएटरही अ‍ॅल्युमिनियमचाच घ्या. तांबं-पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की आतल्या आत बॅटरी तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

रेडिएटरची जागा, यावर मी सगळ्यात जास्त डोकं घातलं आणि या सगळ्या कामात मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाणी उष्णता संपवत नाही, ते फक्त तिला इथून तिथे नेतं. मग "तिथे" म्हणजे कुठे? सुरुवातीला भंगारातून एका बाइकचा रेडिएटर आणला, अ‍ॅल्युमिनियमचा, पंख्यासकट, आणि सोय म्हणून डिक्कीतच लावला. हीट सिंक ८२ वरून ७० वर आलं, कटऑफ थांबला, मी खूश, पण डिक्की तशीच तापत होती कारण उष्णता डिक्कीतून डिक्कीतच टाकत होतो. मग रेडिएटर मागच्या बंपरखाली लटकवला, बाहेरची हवा मिळेल म्हणून. हीट सिंक ६२. पण मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ आणि डांबराजवळची त्याहून गरम, शिवाय पहिल्याच पावसात त्याच्या जाळीत काळी माती अशी बसली की काडीने टोकरावी लागली. आमची काळी माती एकदा सुकली की सिमेंट.

मग एका रात्री लक्षात आलं की उन्हाळ्यात गाडीत सगळ्यात थंड हवा कुठे आहे, तर आपण बसतो तिथे. एसी चालू असताना केबिनमध्ये २६-२७ डिग्री असते, आणि ती हवा तयार करायला इंजिन आधीच पेट्रोल जाळतंय. रेडिएटर तिथे आणला तर? भीती एकच होती की एसीवर लोड येईल. त्याचा हिशेब असा की शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता टाकत असतो, म्हणजे माझा अँप म्हणजे गाडीत दीड माणूस जास्त बसला. एवढं गाडीचा एसी सहज ओढतो. बाइकचा पंखा केबिनमध्ये चालणार नव्हता, त्याचा आवाज तबल्यापेक्षा मोठा. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या ओळखीच्या पोराकडे गेमिंग पीसीचा एक लिक्विड कूलर पडला होता, पंप गेलेला, रेडिएटर चांगला, २४० मिलिमीटरचा, अ‍ॅल्युमिनियमचा. या तयार कूलरमध्ये खालची प्लेट बहुतेक तांब्याची आणि रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा असतो, गंज थांबवणारं औषध घालून कंपन्या ते भागवतात, पण मला फक्त रेडिएटर हवा होता. १२० चे दोन पंखे जोडूनही जाडी पाच-साडेपाच सेंटिमीटर, पुढच्या पॅसेंजर सीटखाली बरोबर बसला. पंखे हळू फिरवले तर आवाज येतच नाही.

पाइप डाव्या दरवाजांच्या पट्टीखालून डिक्कीपर्यंत नेले, आणि बॅटरीची पॉवर केबल पूर्ण उजवीकडून. हे मुद्दाम. पाणी आणि जाड करंटची केबल एका बाजूने कधीच नेऊ नका, आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज असलाच पाहिजे, तो पाणी असो नसो. १२ व्होल्टने शॉक बसत नाही पण शॉर्ट झाला तर गाडी जळू शकते.

लिकेज एकदा झालं. मी सुरुवातीला गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप घेतला होता, स्वस्त, आत पाणी फिरताना दिसतं, बुडबुडे दिसतात, छान वाटायचं. गाडी दिवसभर उन्हात उभी होती, बंद गाडीत ६० च्या वर जातं, तो पाइप मऊ पडून निप्पलवरून सैल झाला. संध्याकाळी दार उघडलं तर कूलंटचा गोडसर वास आणि सीटखालचं कार्पेट ओलं. नशीब की अँपच्या बाजूला झालं नाही. आता गाडीच्या हीटरला वापरतात तो रबरी होज आहे आणि प्रत्येक सांध्याला स्टीलची क्लिप. आणि गाडीत बसवण्याआधी पूर्ण सर्किट घरी फरशीवर वर्तमानपत्र पसरून एक दिवस एक रात्र चालवलं, माझा कूलंट हिरवा आहे, कागदावर टिपका पडला तर लगेच दिसतो. एक टिपका सापडलाच, बुचाच्या आट्यात, परत टेप मारून बंद केला.

पंप १२ व्होल्टचा ब्रशलेस, अँपच्या शेजारी डिक्कीत, टाकी त्याच्या वर म्हणजे हवा आपोआप वर निघून जाते. स्टिरिओच्या रिमोट वायरवर, म्हणजे अँपला चालू-बंद सांगणाऱ्या वायरवर, रिले (विजेने चालणारा स्विच) आणि त्यावर पंप. पण विचार करा, आता अँपच्या फिन्स मी कापून टाकल्यात, पंप बंद पडला तर अँपला थंड करायला काहीच नाही. म्हणून ७० डिग्रीचा केएसडी ३०१ स्विच, तोच तो गोल चपटा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो, हीट सिंकला बसवून अँपच्या रिमोट वायरमध्ये सिरीजमध्ये टाकलाय. ७० झाले की स्विच उघडतो, अँप बंद. मी पंपाची वायर मुद्दाम काढून तीन वेळा तपासलं, तिन्ही वेळा बंद झाला. हा स्विच न लावता कोणी हे काम करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

तसाच एक ४० डिग्रीचा स्विच पंख्यांना, पाणी ४० च्या वर गेलं तरच पंखे. याचं कारण पावसाळा. पाणी हवेच्या दवबिंदूच्या खाली गेलं तर ब्लॉकवर थेंब जमतात, गार पाण्याच्या तांब्यावर जमतात तसे, आणि ते थेंब अँपच्या आत. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये तर हे होऊ शकतं. काही जण स्पर्धेसाठी बर्फाच्या पेटीतून पाणी फिरवतात, दहा मिनिटांच्या वाजवण्याला ठीक असेल, रोजच्या गाडीत नको.

आता आकडे. बाहेर ४४, डिक्कीत ५२, केबिन २७, तास-दीड तास नेहमीच्या आवाजात, पाणी ३४ ते ४० च्या मध्ये खालीवर, हीट सिंक ५० च्या आसपास, त्यावर गेलंच नाही. गाडी उन्हात तापलेली असताना सुरुवातीला पाणीही गरमच असतं, पण दीड लिटर पाण्याला एक डिग्री चढायला या अँपला पाऊण मिनिट लागतं, आणि तेवढ्यात एसी केबिन थंड करायला लागतो, त्यामुळे त्या पहिल्या दहा मिनिटांची काळजी उरली नाही. खर्च सगळा मिळून नऊ हजारांच्या आत, त्यात निम्म्याहून जास्त मिलिंग आणि पंप.

या मे महिन्यात दादा आला होता, त्याला घेऊन त्याच रस्त्याने निघालो, तेवढ्याच उन्हात. मेहकर गेलं, तबला चालू होता, तो मागे बसून काही न बोलता ऐकत होता. थांब्यावर उतरल्यावर त्याने स्वतः डिक्की उघडली, अँपच्या बाजूवर तळहात ठेवला आणि ठेवूनच उभा राहिला. मग विचारलं, पाणी कधी बदलतोस. म्हटलं वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी. तो म्हणाला उन्हाळ्याच्या आधी बदल, मार्चमध्ये, पाइपही तेव्हाच बघून होतील. तेच करणार आहे.